सुनेच्या ताटातली कलेजी

मला कलेजी आवडत नाही. कधीच आवडली नाही. तोंडात घेतली की पिठासारखी होते आणि मागं लोखंडासारखी चव राहते. तरी दर रविवारी सकाळी मी पिंपळे गुरवच्या मटणाच्या दुकानापुढं पिशवी घेऊन उभा राहायचो, ते कलेजीसाठीच. सुनेसाठी. आणि त्याच कलेजीवरून महापालिकेच्या दवाखान्यात माझ्या पोरीच्या वयाच्या डॉक्टरीणबाईंनी मला भर बायकांत गप्प केलं. ती हकीकत सांगायला बसलोय. शिक्षण सातवी, लिहायचा सराव नाही. जसं झालं तसं लिहितो.

बायको गेली त्याला वर्ष होऊन गेलं. ती होती तोवर घरातल्या बायकांच्या गोष्टी माझ्या कानावर तिच्याच तोंडून यायच्या, त्याही निम्म्या. आमच्याकडची रीतच तशी. सासऱ्यानं सुनेशी भाजीत मीठ कमी आहे एवढं बोलावं. पाळी, पोट, दिवस राहणं, पडणं, हे सगळं सासू-सुनेत. सुनेला काही सांगायचं असलं तर ती बायकोला सांगायची, बायको मला. मला काही विचारायचं असलं तर मी बायकोला, ती सुनेला. घर दोन खोल्यांचं, पण निरोप असा फिरून जायचा. कधी कुणाचं काही अडलं नाही. ती गेली आणि निरोप जायचा बंद झाला. मी बाहेरच्या खोलीत, सून आतल्या खोलीत, पोरगा चाकणला शिफ्टवर.

सुनेचं पहिल्या वेळी तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. तेव्हा बायको होती. तिनं तिथल्या तिथं निकाल लावला.

"पोरीच्या अंगात रक्तच न्हाई. पोर टिकंल कुठनं?"

मग तिनं कलेजी सुरू केली. तिच्या दोन्ही वेळेला तिच्या सासूनं, म्हणजे माझ्या आईनं, तिला कलेजी खाऊ घातली होती. दोन्ही पोरं धडधाकट. म्हणजे हेच औषध. रक्त कमी असलं की कलेजी, हे आमच्या गावाकडं लहान पोरालाही माहीत असतं. डॉक्टरनं सुनेला गोळ्या दिल्या होत्या. पुढच्या वेळेची तयारी म्हणून एक बारकी पिवळी गोळी रोज घ्यायला सांगितली होती. बायकोचा त्या गोळीवर काही विश्वास नव्हता. "हरभऱ्याच्या डाळीएवढी गोळी. ती काय करणार?"

मग बायकोच आजारी पडली. पोटाचं दुखणं निघालं आणि ते वाढतच गेलं. दवाखान्यात शेवटी शेवटी ती फार बोलायची नाही. एकदा मी पाणी पाजत होतो, तर म्हणाली, "रविवारची कलेजी चुकवू नका. भरू द्या पोरीच्या अंगात रक्त. मग बघा."

"बरं," म्हणालो मी. दुसरं काय म्हणणार? मला वाटलं घरी आल्यावर ती स्वतःच बघेल. ती घरी आली नाही.

मग कलेजी माझ्या गळ्यात आली.

दुकानवाला माझ्याच वयाचा. त्याचा बाप बसायचा तेव्हापासूनची ओळख. बायको गेल्यावर पहिल्या रविवारी मी जाऊन उभा राहिलो, तर त्यानं न विचारताच कलेजी बांधून दिली.

"वहिनी हीच न्यायच्या," म्हणाला. "ताजी काढून ठेवत जाईन. तुम्ही दहा वाजले तरी सावकाश या भाऊ."

त्याचा चांगुलपणा. आता त्याचाही राग येतो, पण त्यात त्याचं काय?

स्वयंपाकातलं मला तेवढंच जमलं. बायको करायची ते बघितलेलं होतं. धुवायची, हळद-मीठ चोळायची, लसूण ठेचून तेलात टाकायचा, कलेजी परतायची, वरून काळा मसाला. सून चाकणला वायरिंगच्या कंपनीत जाते. रविवारीही बऱ्याचदा ओव्हरटाइम असतो. ती कंपनीच्या बसमधून उतरून घरी येईपर्यंत मी ताटात वाढून वर दुसरं ताट झाकून ओट्यावर ठेवायचो आणि बाहेर जाऊन बसायचो. बोलायचं काही नाही. ती यायची, हातपाय धुवायची, आत ताटाचा आवाज व्हायचा. थोड्या वेळानं भांडी घासल्याचा. ताट रिकामं. मला वाटायचं, आवडीनं खाते पोरगी. बायकोला मनातल्या मनात सांगायचो, चुकवली नाही बघ.

आता बाकीच्यांचं सांगतो, कारण मी एकटाच शहाणा नव्हतो.

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक बाई राहते. सकाळी तिच्या घरात वजन कमी करणाऱ्या बायका जमतात, पावडर पाण्यात घुसळून पितात आणि फोटो काढतात. लोक तिला कोच म्हणतात. आधी तिचा नवरा विम्याच्या पॉलिसी विकायचा, आता दोघं मिळून पावडर विकतात. तिनं जिन्यात सुनेला गाठलं. पुढच्या आठवड्यात आमच्या फडताळावर रंगाच्या डब्याएवढा पावडरचा डबा.

"काका, यात सगळी व्हिटॅमिन आहेत," मला म्हणाली. "ए टू झेड. बाळ राहायला बॉडी आतून तयार पाहिजे ना."

"मग जेवण बंद करायचं का?"

"काका तुम्ही पण ना." हसली आणि सुनेला म्हणाली, "तू दोन चमचे घे गं. तुझी केस वेगळी आहे."

पोरगा तर मोबाइलवाला. त्यानं त्यात काहीतरी बघितलं आणि घरी एक बाटली मागवली. आत सोनेरी पारदर्शक गोळ्या, माशाच्या तेलाच्या. त्याचं म्हणणं, यानं बाळाचा मेंदू तल्लख होतो.

"कुणाच्या बाळाचा?" मी म्हणालो. "आधी दिवस तर जाऊ देत."

"अण्णा, आधीपासून घ्यायचं असतं. प्लॅनिंग असतं सगळं."

"आमच्या वेळी प्लॅनिंग नव्हतं, तरी तू झालास. मेंदूचं मात्र खरंच राहिलं."

तो हसला नाही. मेडिकलवाल्यानं आणखी एक पाकीट दिलं, अशक्तपणावर. लाल लांबट कॅप्सूल, रोज एक. पोरग्यानं ते पण आणलं. मग डबा, बाटली, पाकीट आणि ती जुनी पिवळी गोळी, सगळं फडताळावर एका ओळीत. खाली ओट्यावर माझी कलेजी. जो तो आपापलं आणून ठेवतोय, सून सगळं गिळतेय. कुणी कुणाला विचारत नाही. मी विचारायला पाहिजे होतं. कारण माझा जन्मच टाकीवर गेला आहे.

मी भोसरीला प्लेटिंगच्या कारखान्यात होतो. लोखंडी पार्टवर जस्ताचा, निकेलचा थर चढवायचा. टाकीत पार्ट बुडवतात, करंट सोडतात, थर चढतो. थराला चमक यावी म्हणून टाकीत एक औषध टाकतात, ब्राइटनर म्हणतात त्याला. थोडं टाकलं की पार्ट आरशासारखा निघतो. पण जास्त झालं की थर कडक होतो. वरून चमकतो, आणि वाकवला की पापुद्र्यासारखा सुटतो. आमच्याकडं एकदा असं झालं की पहिल्या शिफ्टच्या माणसाला पार्ट मळकट वाटला, त्यानं मगभर ओतलं. दुसऱ्या शिफ्टवाल्याला ते कुणी सांगितलं नाही, त्यानंही ओतलं. रात्रपाळीवाल्यानं पण ओतलं. सकाळी माल असा चमकत होता की सुपरवायझर खूश. दुपारी गिऱ्हाइकाकडनं सगळा परत आला. टाकीत टाकलेलं वेचून काढता येत नाही. निम्मी टाकी ओतून द्यावी लागली. तेव्हापासून नियम झाला, टाकायच्या आधी मागच्या शिफ्टवाल्याला विचारायचं. मी नव्या पोरांना शिकवायचो हे, ओरडून ओरडून.

आणि घरात मला एकदाही सुचलं नाही.

सुनेला दिवस गेले ते पोरग्यानं मला गॅलरीत येऊन सांगितलं, तेही रस्त्याकडं बघत.

"अण्णा, ते... पॉझिटिव्ह आलंय."

"काय?"

"तिचं."

मला कळायला जरा वेळ लागला. मग मी आत गेलो, बायकोच्या फोटोपुढं उभा राहिलो. सून स्वयंपाकघरात होती, तिनं पदर सारखा केला, मी बाहेर आलो. आमचं एवढंच झालं. बायको असती तर तिनं अख्ख्या गल्लीत पेढे वाटायच्या ऐवजी तीन महिने तोंड शिवून ठेवलं असतं, आणि रोज रात्री माझं डोकं खाल्लं असतं. मला ते डोकं खाणं पाहिजे होतं.

मी माझ्या परीनं काय करणार? कलेजी रविवारी होती, ती बुधवारी पण सुरू केली.

सुनेला ओकाऱ्या लागल्या. सकाळी, दुपारी, केव्हाही. एका बुधवारी तिनं माझी कलेजी खाल्ली आणि लगेच मोरीत धावली. मी बाहेर बसून ऐकतोय. ती पुन्हा आली, आणि ताटाचा आवाज आला. उरलेली खात होती. मला तेव्हाही कळलं नाही. मी म्हटलं, बघा, पोरगी हिमतीची आहे.

दवाखान्यात नाव नोंदवायचं होतं. पोरग्याची शिफ्ट, रजा मिळेना. तिची आई लातूरकडं. मग मीच निघालो. रिक्षात ती एका कडेला, मी दुसऱ्या कडेला, मध्ये पिशवी. दवाखान्यातून तिला आधीच सांगितलं होतं की खाते-पिते ती औषधं दाखवायला आण. ती चार वस्तू घेऊन आली होती. डबा मोठा होता म्हणून पिशवी मी घेतली.

ओळीत सगळ्या बायका आणि त्यांच्या सासवा. पुरुष मी एकटा. एक म्हातारी मला म्हणाली, "मालकीण कुठाय?"

"गेली," म्हणालो.

"कुठं?"

मी तिच्याकडं नुसतं बघितलं.

आत डॉक्टरीणबाई होत्या, वय तिशीच्या आतबाहेर. सुनेला नाव, वय, पाळीची तारीख विचारली. मी भिंतीकडं बघत उभा राहिलो. मग त्यांनी पिशवी टेबलावर उलटी केली. डबा उचलला, मागचं बारीक अक्षर वाचलं. पाकीट वाचलं. बाटली वाचली. पिवळ्या गोळीचं पाकीट उलटंसुलटं केलं. त्यात निम्म्या गोळ्या तशाच होत्या.

"ही का बंद केली?"

सून म्हणाली, "त्या ताई म्हणाल्या डब्यात सगळं आहे. मग ती कशाला."

"कोण ताई? डॉक्टर आहेत?"

"कोच आहेत."

"क्रिकेटच्या?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हसल्या नाहीत. "हे बघा. ह्या चारमध्ये तुम्हाला खरी गरज होती ती हिची. फॉलिक अॅसिड. दिवस जायच्या आधीपासून घ्यायची असते आणि पहिले तीन महिने तर चुकवायचीच नाही. बाळाचा मणका, मेंदू अगदी सुरुवातीला तयार होतो, त्यासाठी असते. तुम्ही नेमकी तीच सोडली. आजपासून रोज. कळलं?"

सुनेनं मान हलवली.

"आणि हे बाकीचं बंद. या डब्यात व्हिटॅमिन ए आहे. या लाल कॅप्सूलमध्ये पण आहे. आणि हे तेल माशाच्या लिव्हरचं आहे, त्यात तर असतंच. साधं माशाचं तेल वेगळं, हे वेगळं. ए व्हिटॅमिन शरीराला लागतं, पण ते जास्त झालं तर लघवीवाटे निघून जात नाही. साठतं. पोटातल्या बाळाला त्यानं इजा होऊ शकते. मी जे लिहून देईन तेवढंच घ्यायचं. जेवणात काय चालू आहे?"

मी भिंतीकडचं तोंड फिरवलं.

"कलेजी," मी म्हणालो.

"किती?"

"रविवारी आन् बुधवारी. आधी रविवारीच होती."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "बाबा, कलेजी म्हणजे काय?"

"बकऱ्याचं लिव्हर."

"आणि ए व्हिटॅमिन साठतं म्हणाले ना मी आत्ता, ते कुठं साठतं?"

ओळीतल्या बायका दारातून बघत होत्या.

"लिव्हरमध्येच साठतं. माणसाच्या, बकऱ्याच्या, माशाच्या, सगळ्यांच्या. म्हणून कलेजीत ते ढीगभर असतं. दिवस राहायचा प्रयत्न चालू असताना आणि पोटात मूल असताना कलेजी खायची नाही."

मला तिडीक आली. "माझ्या बायकोनं दोन्ही पोरांच्या वेळेला खाल्ली. तिला काय वेड लागलं होतं?"

"वेड कोण म्हणालं? कलेजीनं रक्त वाढतं हे त्यांचं खरंच होतं. एरवी कुणाला रक्त कमी असेल तर खाऊ द्या. गरोदर बाईला नको. आणि त्या नुसती कलेजी खात असतील बाबा. हा डबा, हे तेल, ही कॅप्सूल त्यांच्या वेळी नव्हती. इथं चार ठिकाणांहून एकच गोष्ट आत चाललीये."

तेव्हा माझ्या डोक्यात टाकी आली.

"म्हंजे तीन शिफ्टवाल्यांनी ओतलं," मी म्हणालो.

"काय?"

"काही न्हाई. आता काढता येतं का?"

माझ्या तोंडून ते कसं निघालं कोण जाणे, पण डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचं सगळं बाजूला सारलं आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "आधी झालं त्याचं घाबरत बसायचं नाही. पुष्कळ जणी न कळता खातात आणि बाळं चांगली होतात. आता बंद केलं, हे महत्त्वाचं. पाचव्या महिन्यात मोठी सोनोग्राफी करू, त्यात बाळाचे अवयव बघतात. गाजर, पालेभाजी, त्यातलं ए खुशाल चालतं. मटण चांगलं शिजवून चालतं. फक्त कलेजी नको."

मग सुनेला म्हणाल्या, "तुम्हाला आवडते का एवढी?"

सून खाली बघत हळूच म्हणाली, "नाही आवडत. वासानंच मळमळतं."

"मग का खाता?"

"अण्णा करून ठेवतात. आईंनी जाताना सांगितलं होतं त्यांना."

मला तिथं बसायला खुर्ची मिळाली असती तर बरं झालं असतं.

परतीच्या रिक्षात पिशवी पुन्हा मध्ये. रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या, गर्दी, रिक्षावाला शिव्या देतोय. मी म्हणालो, "बोलली का न्हाईस?"

"काय बोलू अण्णा? तुम्ही झाकून ठेवायचात आणि बाहेर जाऊन बसायचात. मी कुणाला सांगू?"

"पोराला सांगायचं."

"सांगितलं होतं. ते म्हणाले, खा गं, अण्णांना बरं वाटतं."

म्हणजे पोरग्याला माहीत होतं. सुनेला माहीत होतं. मला बरं वाटावं म्हणून ती ओकून पुन्हा खात होती, आणि मी बायकोचा शब्द राखतोय म्हणून मला बरं वाटत होतं. या सगळ्यात त्या पोटातल्याचं कुणी बघत नव्हतं. मला पोरग्याचा राग आला, कोचचा आला, मेडिकलवाल्याचा आला. सगळ्यात जास्त बायकोचा आला. मधेच उठून गेलीस. तू असतीस तर हिनं तुला एका शब्दात सांगितलं असतं, आणि तू मला शिव्या घालून कलेजी मलाच खायला लावली असतीस.

घरी येऊन मी डबा उचलला आणि तळमजल्यावर नेऊन दिला.

कोच म्हणाली, "काका, डॉक्टर लोक घाबरवतात. नॅचरल आहे हो सगळं."

"धोतऱ्याचं बी पण नॅचरलच असतं," म्हणालो. "देऊ का घुसळून?"

त्या दिवसापासून ती मला जिन्यात नमस्कार करत नाही. बरं झालं.

पोरगा शिफ्टवरून आल्यावर त्याला बसवलं. बाटली त्याच्या पुढ्यात ठेवली. म्हणालो, "ही तू खा. मेंदूची गरज तुला आहे." तो मोबाइल काढायला लागला, त्यात लिहिलेलं दाखवतो म्हणून. मी म्हणालो, "मोबाइल आत ठेव. ज्यानं ते लिहिलं त्याला माहीत होतं का, घरात तुझा बाप काय शिजवतोय?" त्यानं मोबाइल खिशात घातला. मग हळूच म्हणाला, "अण्णा, काही झालं तर नसेल ना?"

"सोनोग्राफीत कळंल," म्हणालो.

तिथून ते पाचव्या महिन्यापर्यंतचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. बायकोच्या बहिणीला फोनवर सांगितलं, तर ती उलट माझ्यावरच उखडली. "आमी काय कलेजी खाऊन मेलो व्हय? दाजी, तुमी आता बायकांच्या डॉक्टरकडं बी जायला लागला?" फोन ठेवला. कंपनीतल्या जुन्या सोबत्यांना सांगावं, तर सुनेच्या पोटाची गोष्ट चौकात बोलायची नसते. मग बोलायचं कुणाशी? फोटोशी. फोटोशी भांडलो बऱ्याचदा.

एक मात्र बदललं. पिवळी गोळी मी वाटीत काढून ठेवायचो, कलेजीच्या जागी. झाकायचो नाही. आणि बाहेर जाऊन बसायचो नाही. सून आली की विचारायचो, "घेतली का?" पहिल्यांदा जीभ रेटेना. ती पण लाजली. मग तिला सवय झाली. "घेतली अण्णा." तीन महिने झाल्यावर लोहाची गोळी सुरू झाली, ती चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घ्यायची नाही, नाहीतर अंगी लागत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. कॅल्शियमची वेगळ्या वेळी. आता मी माणूस चहाचा. घरात कुणी आलं की आधी आधण ठेवणारा. सून कंपनीतून दमून आली की मी चहा टाकायचो आणि मग आठवायचं, हिनं आत्ताच गोळी घेतलीय. दोन्ही कप मीच प्यायचो. वैताग नुसता.

एकदा ती म्हणाली, "अण्णा, पोटात हललं." माझ्याकडं न बघता, भाकरी थापता थापता. सासऱ्याला कुणी असं सांगत नाही. मी म्हणालो, "बरं." आणि मग उगाच म्हणालो, "भाकरी करपतीय."

मोठ्या सोनोग्राफीला पोरग्यानं रजा काढली. ते दोघं आत, मी बाहेर बाकावर. आत फार वेळ लागला. मला वाटलं, काहीतरी सापडलं असणार, म्हणून शोधतायत. प्लेटिंगला मालाची तपासणी असायची तेव्हा पार्ट वाकवून बघायचे. वाकवला आणि थर टिकला तर पास. मी बाकावर बसून तोच विचार करत होतो. दुसरा येतच नव्हता.

ती बाहेर आली. पोरगा मागं. त्याचे डोळे लाल. माझा जीव गेला.

"नीट आहे," सून म्हणाली. "सगळं नीट आहे म्हणाले. मणका, डोकं, हृदय."

"मग हा रडतोय कशाला?"

"ते उगाच," ती म्हणाली.

मी आत जाऊन डॉक्टरीणबाईंना विचारलं, म्हणजे कलेजीनं काही झालं नाही ना? त्या म्हणाल्या, "आज दिसतंय ते सगळं चांगलं आहे." मी पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच. हो की नाही ते बोलेनात. मला चीड आली, पण काय करणार. टाकीवर मी पण साहेबाला असंच सांगायचो. आज माल चांगला आहे. पुढचं पुढं.

रविवारी दुकानात गेलो. मधले महिने मी तिकडं फिरकलो नव्हतो. दुकानवाल्याला वाटलं, मी आजारी आहे. त्यानं मला बघितलं आणि सवयीनं कलेजी काढली.

"ठेव ती," म्हणालो. "मटण दे. पायाचं." आणि सगळं सांगितलं. सुनेचं सुद्धा. इतके महिने कुणाशी मोकळं बोललो नव्हतो, ते भडाभडा बाहेर आलं.

त्याचं तोंड उतरलं. "भाऊ, मी तर येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, सुनेला कलेजी द्या. माझ्या आम्मीनं शिकवलंय."

"आता विचारत जा, कुणासाठी पाहिजे."

"असं कसं विचारू? बाई माणसाला विचारायचं, घरात कुणी पोटुशी आहे का? मार खाईन मी."

तेवढ्यात एक बाई आली, माझ्याहून थोडी लहान. "अर्धा किलो कलेजी द्या," म्हणाली. "सुनेला दिवस गेलेत."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. तो सुरीला धार लावायला लागला. म्हणजे मलाच बोलायला लागणार.

"ताई, गरोदर बाईला कलेजी देत न्हाईत," मी म्हणालो. "डॉक्टर नको म्हणतात. बाळाला इजा होते."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही डॉक्टर का?"

"न्हाई. प्लेटिंगला होतो."

"मग?"

"दवाखान्यात विचारा. फॉलिक अॅसिडची पिवळी गोळी चालू आहे का बघा. आणखी कुणी काय काय देतंय ते बघा. आन् सुनेला पण विचारा, तिला कलेजी आवडती का."

"तिला काय विचारायचं त्यात?" बाई म्हणाली. "ती खाते की गपगुमान."

"त्येच म्हणतो मी."

दुकानवाला सुरीवरून मान वर काढेना. मग तिनं पिशवीचं तोंड मिटलं आणि म्हणाली, "मटण कसं दिलं?"